कोंडलेलं वारं

कोल्हापुरात माझी फटफटी ओळखत नाही असा माणूस विरळा. ती जोरात पळते म्हणून नव्हे, भर चौकात बंद पडते म्हणून. महायुद्ध संपल्यावर कुणी गोऱ्या इंजिनियरानं ती विलायतेहून आणली. तो मायदेशी गेला तेव्हा ती एका इनामदारांकडे आली, आणि इनामदारांनी मोटार घेतल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. घरात जुनं यंत्र असलं की आपण मोठे शास्त्रज्ञ आहोत असं वाटायला लागतं, तसं मलाही वाटत होतं.

गाडी सुरू होत नसली म्हणजे दोनच प्रश्न विचारायचे, असा माझा सिद्धांत होता. ठिणगी पडते का? पेट्रोल येतं का? पहिल्यासाठी प्लग काढायचा, इंजिनाच्या अंगाला टेकवून किक मारायची आणि निळी ठिणगी उडते का ते बघायचं. दुसऱ्यासाठी कार्बुरेटरवरचं बारीक बटण दाबायचं. पेट्रोल पाझरलं की तिथवर वाट मोकळी आहे असं समजायचं. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना समजावून सांगितलं आहे की आमच्या घरी बायकोसुद्धा प्लग काढून पुसून परत बसवते. या सिद्धांताच्या भरवशावर मी वैशाखात रत्नागिरीला निघालो, आणि ज्या एका कामासाठी निघालो ते काम सोडून बाकी सगळं करून परत आलो.

ते काम काय होतं हे आधी सांगायला हवं. आम्ही तीन भावंडं. दादा सर्वांत थोरला, मग आक्का, शेवटी मी. दादा रत्नागिरीला कचेरीत नोकरीला होता. सात वर्षांपूर्वी त्यानं तिथल्याच एका विधवा बाईशी लग्न ठरवलं. आईनं अन्न सोडलं, वडिलांनी घरात त्याचं नाव काढायचं नाही असं बजावलं. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो आणि आमच्या वादविवाद मंडळात पुनर्विवाहाच्या बाजूनं बोलून टाळ्या घेत होतो. दादानं मला एकट्याला पत्र पाठवलं. ‘घरचं कुणी येणार नाही, हे मी धरून चाललो आहे. तू तेवढा मांडवात माझ्या शेजारी उभा रहा.’

मी तार केली, ताप आला आहे म्हणून. ताप आला नव्हता. शाळेच्या चालकांपैकी एकजण सहज बोलल्यासारखं म्हणाले होते, ‘मास्तर, तुम्ही काही त्या लग्नाला जाणार नाही ना?’ तेवढं मला पुरलं. पुढं वडील गेले, आई गेली, तरी मी दादाला एक ओळ लिहिली नाही. राग नव्हता. लाज वाटत होती, आणि जितके दिवस जात होते तितकी ती वाढत होती.

आक्का पालीला दिलेली. चैत्र संपताना तिचं कार्ड आलं. ‘दादा आफ्रिकेत मोंबाशाला जातो आहे, रेल्वेत कारकून म्हणून. वहिनी आणि मुलगी बरोबर आहेत. रविवारी दुपारच्या बोटीनं मुंबईस, तिथून पुढं. परत कधी येणं होईल, काही सांगवत नाही. सदूला ये म्हणावं, असा त्यानं निरोप पाठवला आहे. त्यानं आपण होऊन पाठवला आहे, हे ध्यानात घे.’

सदू म्हणजे मी. बोलायचं वाक्यही मी पाठ करून ठेवलं होतं. ‘दादा, माझं चुकलं.’ एवढंच.

शनिवार : आंबा घाट

जे कधी या वाटेनं गेले नसतील त्यांनी मलकापूर सोडताना अंगात कोट ठेवावा आणि घाट उतरल्यावर तो काढून टाकावा. आंब्यापर्यंत हवा अशी की वैशाख आहे हे पंचांगात बघावं लागतं. घाटमाथ्यावर दोन बायका पानांचे द्रोण करून करवंदं विकत होत्या. मी गाडी थांबवली तशा त्या दोन पावलं मागं सरल्या. एकीनं विचारलं, ‘ह्या गाडीला बैल नाय, तर ही कशावं चालते?’ मी तिला पेट्रोलचा स्फोट, दट्ट्या आणि चाक हे सगळं यथासांग समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हंजे पोटात आग हाय तिच्या.’ माझ्या वर्गात इतकं थोडक्यात उत्तर कुणी दिलेलं नाही.

घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली डोंगरांच्या रांगांमागं रांगा, आणि त्या पलीकडं कुठंतरी समुद्र असणार, असं नुसतं वाटतं. दिसत काही नाही. वळणं उतरू लागलो तशी हवा ओली आणि जड झाली. साखरप्याला पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. मातीचा रंग बदलला. रस्ता तांबडा, बांध तांबडे, घरांच्या भिंती तांबड्या जांभ्या दगडाच्या, आणि पुढं धावणाऱ्या मोटारीच्या धुळीनं झाडांची पानंही तांबडी. आमच्याकडं गाव म्हणजे घराला घर लागलेलं. एकानं भांडण काढलं की सबंध आळीला ऐकू जातं. इथं प्रत्येकाचं घर आपापल्या आवारात, मध्ये दगडांचा गडगा, भोवती फणस आणि आंबा. शेजाऱ्याशी भांडायचं तर चपला घालून जावं लागेल.

गाडीनं घाटात एकदाही नखरा केला नाही. दुपारी तीनच्या आत मी पालीत होतो. आक्काच्या दारात गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं आला. आमच्याकडं आलेल्या माणसाला आधी ‘चहा घेणार का’ असं विचारतात, आणि तो नको म्हणेल की काय याची वाट बघतात. इथं विचारत नाहीत, देऊन मोकळे होतात. मग तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं आणि वाटीभर आमरस. पंधरा वर्षांत आक्काच्या बोलण्याला तिकडचा हेल लागलेला, वाक्याचं शेपूट वर उचललेलं.

‘जेवलास ना? आता उठ आणि पुढं हो,’ ती म्हणाली. ‘तेरा मैल तर राहिलेत. आजची रात्र दादाकडे काढ. सात वर्षांचं बोलायचंय तुम्हाला.’

‘अंग आंबून गेलंय गं. उद्या सकाळी निघतो. बोट दुपारी दोनला आहे ना?’

‘मला जाता येत असतं तर चालत गेले असते हो मी,’ असं ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली. तिचे सासरे सोवळ्याचे कडक. दादा तेरा मैलांवर राहत असून सात वर्षांत तिला दोनदाच भेटला होता, तेही बाजारात, उभ्याउभ्या.

अंग आंबलं होतं हे खरं, पण त्यासाठी मी थांबलो नव्हतो. सबंध संध्याकाळ दादाच्या घरी, वहिनीसमोर पाटावर बसायचं मला जमणार नव्हतं. ती वाढणार, मी खाणार, आणि तापाची ती तार आमच्या तिघांत असणार. मला पाच मिनिटांची भेट हवी होती. बंदरावर गर्दी असावी, बोटीचा भोंगा व्हावा, मी पाठ केलेलं वाक्य म्हणावं, त्यानं पाठीवर हात ठेवावा आणि बोट सुटावी. मी भेटीचा वेळ असा कातरून घेतला होता. हे आक्काला कळलं असावं असं मला आता वाटतं.

रविवार : पालीची सकाळ

सकाळी बाजारातून पेट्रोलचा डबा आणवून मी टाकी काठोकाठ भरली. आंबोळ्या खाल्ल्या. निघायच्या वेळी आक्का तबक घेऊन अंगणात आली. तिच्या दारी आलेलं पहिलंच यांत्रिक वाहन, तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय ती सोडणार नव्हती. कुंकू तिनं तेलात चांगलं दाट कालवून आणलं होतं.

‘कपाळ कुठलं रे हिचं?’ ती म्हणाली.

पोट भरलेलं, गंमत करायची लहर आलेली. मी टाकीवरच्या पितळी झाकणावर टिचकी मारली. ‘हे बघ, इथूनच खातेपिते ती. हेच तिचं तोंड आणि हेच कपाळ.’

आक्कानं झाकणाच्या बरोबर मधोमध रुपयाएवढा टिळा रेखला, वर अक्षता दाबून बसवल्या आणि हात जोडले. ‘वेळेवर ने गो बाई माझ्या भावाला,’ असं ती गाडीला म्हणाली. मी हसलो. विद्यार्थ्यांपैकी कुणी बघत नाही याची खात्रीही करून घेतली.

मग तिनं फडक्यात बांधलेलं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. ‘वहिनीची ओटी आहे. बंदरावर कुणी सवाशीण दिसेल तिला भरायला सांग. आणि वहिनीला म्हणावं, आक्कानं पाठवली आहे. सासऱ्यांना ठाऊक नाही, दाजींना ठाऊक आहे.’ विधवा म्हणून एकदा पुसलं गेलेलं कुंकू त्या बाईनं परत लावलं होतं, आणि आमच्या घरातल्या एकाही बाईनं सात वर्षांत तिची ओटी भरलेली नव्हती. गाठोडं मी मागच्या पिशवीत नीट ठेवलं. घड्याळात दहा वाजायला पाच मिनिटं होती.

तेरा मैल

दीड मैल गाडी झकास पळाली. एका चढावर ती दोनदा खोकली आणि थांबली.

मी हसतच उतरलो. ठिणगी पडते का? प्लग काढला, किक मारली, निळी ठिणगी. पेट्रोल येतं का? झाकण उघडून बघितलं, टाकी भरलेली. बटण दाबलं, पेट्रोल पाझरलं. म्हणजे रोग नव्हताच. प्लगवर काजळी असेल म्हणून तो घासून बसवला, आणि दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. स्वतःवर खूश होऊन मी पुढं निघालो.

आणखी दीड मैल गेलो नाही, तर परत तोच प्रकार. या वेळी मी झाकण उघडलं नाही, पेट्रोल आहे हे मला माहीत होतं. बटण दाबलं तर कोरडं. वा! म्हटलं, रोग सापडला, नळीत कचरा आहे. नळी सोडवली, तिच्यातून चार थेंब आले आणि थांबले. तोंड लावून जोरानं फुंकलं, टाकीत बुडबुडे वाजले आणि पेट्रोलची धार लागली. आता माझी खात्रीच झाली, पालीच्या डब्यातलं पेट्रोल गाळ धरलेलं आहे. गाडी सुरू झाली. मैलभर गेली. परत बंद.

इथं मात्र मी हट्टाला पेटलो. गाडी ढकलत एका वाटेवरच्या दुकानाच्या सावलीला नेली. झाकण उघडून सगळं पेट्रोल दुकानातल्या रिकाम्या डब्यात उतरवलं, धोतराच्या सोग्यातून गाळलं. कचरा म्हणावा तर चिमटीतही येणार नाही एवढा. कार्बुरेटर उघडला. त्यातली गव्हाच्या दाण्याएवढी पितळी तोटी माझ्या घामेजल्या बोटांतून सुटली आणि तांबड्या मातीत पडली. ती शोधायला अर्धा तास गेला. मी गुडघ्यांवर, हातानं धूळ चाळतो आहे, अशा अवस्थेत कोल्हापूरहून रत्नागिरीला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार येऊन थांबली.

‘बंदरावर का?’ ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं. ‘या की मास्तर, जागा हाय. गाडी राहू दे हितंच, कोण खातंय तिला?’

साडेअकरा झाले होते. मोटार एक वाजायच्या आत बंदरावर पोचली असती. मी काय म्हणालो ते मला अजून ऐकू येतं. ‘तुम्ही व्हा पुढं. मी तुमच्या आधी बंदरावर असेन.’ ड्रायव्हर हसला आणि गेला. यंत्राचा अभिमान होताच. पण मोटार धुळीआड गेली तेव्हा अभिमानापेक्षा वेगळं काहीतरी वाटलं, आणि ते लिहायलाच हवं. मला किंचित बरं वाटलं. गाडी बंद पडली म्हणून पोचलो नाही, असं म्हणता येईल, ही कल्पना मनात येऊन गेली. दुसऱ्याच क्षणी मी तिला हाकललं, पण ती आली होती.

दुकानदार म्हातारा मघापासून माझं सगळं बघत होता. अंगात बंडी, कमरेला पंचा. रॉकेलच्या नव्या डब्याला खिळ्यानं भोक पाडून तो बाटल्या भरायच्या तयारीत होता. हातातला खिळा ठेवून तो जवळ आला.

‘काय झालां?’

‘कचरा आहे पेट्रोलमध्ये.’

‘मी बगतंय ना. तुमी ता झाकन उगडलांव तवा त्याल धार धरून आलां. बूच व्हतां तवर थेंब थेंब.’ त्यानं गाडीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं. ‘वारां कोंडलांय तिचां. वाऱ्याला वाट करा, म्हंजे धावंल.’

वारं! झाडाचं वारं, अंगात येणारं वारं, बाहेरचं वारं. कोकणात आलो आणि अजून हे कसं निघालं नाही, असंच मला वाटत होतं. सकाळी बहिणीनं कुंकू लावलं, आता हा बाबा गाडीला वारं लागलं म्हणतो आहे. मी सायन्सचा मास्तर, माझ्यानं राहवेना. मातीत बसल्या बसल्या मी त्याला व्याख्यान दिलं. भूत नाही, पिशाच्च नाही, देव कुणाच्या अंगात येत नाही, प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधणाऱ्याला सापडतं. दहा मिनिटं तरी मी बोललो असेन. सगळं तळमळीनं बोललो, आणि त्यातलं शेवटचं वाक्य तर अगदी खरं होतं.

म्हाताऱ्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मी थांबल्यावर ‘बरां तर,’ म्हणाला आणि आत जाऊन कोकमाचं सरबत घेऊन आला. मग परत डब्याजवळ बसला. पहिल्या भोकातून रॉकेल गुळगुळ करत अडखळत येत होतं. त्यानं डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्याला आणखी एक भोक पाडलं, तशी धार सरळ पडायला लागली. मी ते सरबत पीत, समोर उभं राहून बघितलं. बघितलं आणि तोटी बसवायला लागलो.

गाडी जोडून झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. म्हाताऱ्याला नमस्कार करून मी निघालो आणि दीड मैलावर परत थांबलो. मग हातखंब्याच्या पुढं. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी फुंकायचं, मैलभर जायचं, उतरायचं. घामानं डोळे चुरचुरत होते. दोन वाजायला दहा मिनिटं असताना रत्नागिरी चार मैलांवर होती, आणि गाडी चढावर मेल्यासारखी उभी होती. फुंकायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. पेट्रोल तरी शिल्लक आहे का, म्हणून झाकण फिरवलं तर ते निघेना, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी जोर केला. ते सुटलं, आणि आवाज आला: सूऽऽस.

तो आत जाणाऱ्या हवेचा आवाज होता. आधीही तो झाला असणार, पण मला कचरा ऐकायचा होता. मी झाकण आभाळाकडं धरलं. प्रत्येक टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा तिथून आत यावी म्हणून. त्या भोकातून उजेड दिसायला हवा होता. नव्हता. वरून आक्काचं कुंकू उन्हानं वाळून टणक झालेलं, आणि एक अक्षत बरोबर भोकाच्या तोंडावर.

वारं कोंडलं होतं. त्या माणसानं मला शुद्ध पदार्थविज्ञान सांगितलं होतं, माझ्याच भाषेत, आणि समोर डब्याला भोक पाडून दाखवलंही होतं. दरवर्षी जून महिन्यात मी पाण्यानं भरलेल्या नळीच्या वरच्या तोंडावर बोट ठेवून पोरांना विचारतो, पाणी का गळत नाही? पाचवीतली पोरं सांगतात. हवेचा दाब, सर.

रस्त्याकडेचा काटा मोडून मी भोक मोकळं केलं. त्यानंतर गाडी अशी धावली की तिच्यात कधी काही बिघाड होता असं कुणी म्हणालं नसतं.

बंदर

शेवटच्या उतारावरून समुद्र पहिल्यांदा दिसला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही, बोट शोधत होतो. ती दिसली. तिचं तोंड उत्तरेकडं होतं आणि धूर मागं लांबलचक पसरला होता.

रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नाही. ती लांब उभी राहते आणि पडावांतून उतारू नेऊन चढवतात. शेवटचा पडाव नुकताच परत येऊन वाळूला लागला होता. दोन खलाशी वल्ही काढत होते. मी धावत त्यांच्याकडं गेलो आणि दादाचं वर्णन सांगितलं: उंच, चष्मा, बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी.

‘म्हंजे मास्तर तुमीच काय ते?’ वयस्क खलाशी म्हणाला. ‘मोटारीतून उतरल्याल्या लोकांना त्यांनी इचारलांनी, ड्रायव्हर बोलला की वाटेत एक फटफटीवाले मास्तर बसल्यात, येतायत मागनं. मंग त्यांनी दोन पडाव सोडलांनी. तिसरा शेवटचा. मी म्हटलां, चला साहेब, बोट भोंगा देतेय. बाई म्हनाल्या, अजून वाइच थांबूया, येतील ते.’

‘आणि ते?’

तो वल्ह्यावरचं पाणी निपटत राहिला. मग म्हणाला, ‘ते म्हनाले, चल. तो नाही यायचा.’

मी वाळूत उभा राहिलो. बोट हळूहळू भूशिराआड गेली आणि मागं नुसता धूर राहिला. वहिनीला मी आयुष्यात कधी बघितलेलं नाही. माझ्यासाठी थांबूया म्हणणारी ती होती. पाठ केलेलं वाक्य मी त्या रिकाम्या पाण्याकडं तोंड करून मनात म्हणून बघितलं. मला शरम वाटली आणि मी पाठ फिरवली.

रत्नागिरीविषयी पुष्कळ लिहिण्यासारखं आहे. किल्ला आहे, दीपगृह आहे, ब्रह्मदेशच्या राजाला जिथं ठेवलं तो वाडा आहे. वाचकांनी जरूर बघावं. मी काही बघितलं नाही.

परत

येताना दुकानापाशी थांबलो. म्हातारा फळीवर पंच्यानं वारा घेत बसला होता.

‘सुटलां का वारां?’

‘सुटलं. तुम्ही म्हणत होता तेच होतं, बाबा. मला समजलं नाही.’

‘बोट गावली?’

‘नाही.’

त्याला मला चार शब्द सुनावता आले असते. मी त्याला दहा मिनिटं सुनावलं होतं. त्यानं उठून पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी पिईपर्यंत गाडीला सावलीत धरून उभा राहिला.

पालीला आक्का फाटकातच होती. माझ्या हातातलं गाठोडं तिनं आधी बघितलं. मी आपण होऊन सांगितलं. ‘मॅग्नेटो बिघडला गं. ठिणगी पडेना.’ मॅग्नेटो म्हणजे काय हे तिला कळणार नाही, म्हणूनच मी तो निवडला.

तिनं गाठोडं घेतलं, ओटीचे तांदूळ हातानं सारखे केले आणि म्हणाली, ‘असो. घाटाचा रस्ता, परकं यंत्र. माझं कुंकू होतं म्हणून निदान तू तरी धड परत आलास.’ मग गाठोडं पुन्हा बांधता बांधता, ‘आफ्रिकेला पार्सल जातं का रे?’

खरं काय ते मी तिला सांगितलेलं नाही. हल्ली ती चष्म्यानं पोथीशिवाय दुसरं काही वाचत नाही, म्हणून इथं लिहायचं धाडस केलं. तिची चूक नाही. तिनं कपाळ विचारलं होतं, दाखवलं मी.

कोल्हापुरात आल्यावर त्याच आठवड्यात मी दादाला पत्र लिहायला बसलो. आठ पानं झाली. पालीचा डबा, प्लग, नळी, पितळी तोटी, दुकानदार, वारं, कुंकवानं बुजलेलं भोक, सगळं क्रमवार लिहिलं. झाकणाची आकृतीही काढली. त्याला एकेक गोष्ट पटली पाहिजे म्हणून घड्याळाच्या वेळासुद्धा घातल्या. पत्र टपालात टाकलं आणि छातीवरचं ओझं उतरलं असं वाटलं. अडीच महिन्यांनी मोंबाशाचं तिकीट लावलेला लखोटा आला, तो फोडायच्या आधी मी आपल्या पत्राची कच्ची प्रत काढून वाचली. आठ पानांत सगळ्या रोगांची नावं होती. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द कुठंच नव्हते.

लखोट्यात अर्ध्या पानाचं पत्र होतं. अक्षर दादाचंच, पाटीवर मला अ-आ गिरवून दिलेलं. पण लहानपणापासून तो मला ‘चिरंजीव सदूस’ असं लिहीत आला होता, आणि इथं वर ‘राजमान्य राजश्री’ होतं. खाली चारच वाक्यं होती.

‘आपले पत्र पावले. गाडीची हकीकत समजली. आमच्याकरिता आपण उन्हातून एवढी तसदी घ्यावयास नको होती. इकडे सर्व खुशाल आहेत.’